आधी कीर्ती, मग उड्डाण : वैमानिक स्त्री आणि संगीत नाटक

ऐतिहासिक व्यक्तीवर नाटक लिहायला बसलेल्या लेखकाला शेवट आधीच ठाऊक असतो. अडचण अशी की तो प्रेक्षकालाही ठाऊक असतो. संभाजीराजांवरील नाटकाला आलेला मराठी प्रेक्षक तुळापूर मनात धरूनच पहिला अंक पाहतो. अमेरिकेची वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिच्याबाबत ही अडचण टोकाला जाते. बहुतेकांना तिच्याविषयी एकच गोष्ट माहीत असते : २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरावर ती विमानासह नाहीशी झाली. चाळिशीला तीन आठवडे उरले असताना संपलेले एक भरगच्च आयुष्य अशा रीतीने एका बेपत्ता होण्यात आटून जाते. तिच्यावर संगीत नाटक रचायचे झाले, तर ते रहस्यकथा होईल किंवा शोकगीत. या दोन्हींच्या पलीकडे काही शक्य आहे का, असा प्रश्न आम्ही येथे विचारत आहोत. त्यासाठी इंग्रजी रंगभूमीवरील अलीकडच्या दोन म्युझिकल्सचा आधार घेत आहोत. पहिले लंडनमध्ये २००७ साली आलेले ‘टेक फ्लाइट’, दुसरे २०१७ साली ब्रॉडवेवर पोहोचलेले ‘कम फ्रॉम अवे’. पहिल्यात इअरहार्ट आहे. दुसऱ्यात बेव्हर्ली बास या हयात वैमानिक स्त्रीचे पात्र आहे.

नाट्यवस्तू नेमकी कुठे आहे, हे पाहण्यासाठी आधी इतिहासाकडे जाऊ. इअरहार्टचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी कॅन्सस राज्यातील अ‍ॅचिसन या गावी झाला. १९२१च्या आरंभी लॉस एंजेलिसजवळ तिने विमान चालवण्याचे धडे घेतले. शिकवणारी नेटा स्नूक हीदेखील स्त्रीच होती. पुढे पैशांची ओढाताण झाली, विमान विकावे लागले आणि १९२८च्या वसंतात ती बॉस्टनमध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत समाजकार्य करत होती. त्याच सुमारास अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानात एक स्त्री असावी, असा एका श्रीमंत बाईंचा मनोदय झाला. त्यांना स्वतःला जाणे जमले नाही, तेव्हा ‘योग्य’ स्त्रीचा शोध सुरू झाला आणि तो इअरहार्टपाशी येऊन थांबला. १७ जून १९२८ रोजी न्यूफाउंडलंडमधील ट्रेपासी येथून ‘फ्रेंडशिप’ हे विमान निघाले आणि २० तास ४० मिनिटांनी वेल्समधील बरी पोर्ट येथे उतरले. विमान चालवले विल्मर स्टल्ट्झने, यांत्रिकाचे काम केले लुई गॉर्डनने. इअरहार्टने प्रवास केला. आपण केवळ सामान होतो, बटाट्याच्या पोत्यासारख्या, असे तिने स्वतःच नंतर सांगितले. पण मिरवणूक तिची निघाली. वर्षभर आधी एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गच्या नावावरून वृत्तपत्रांनी तिचे ‘लेडी लिंडी’ असे बारसेही करून टाकले.

आमच्या मते नाटक येथे आहे. तिला कीर्ती आधी मिळाली, आणि ज्यासाठी ती मिळायला हवी होती ते काम करायचे अजून बाकी होते. हे एक विलक्षण ऋण होते, आणि ते फेडायला तिला चार वर्षे लागली. २० मे १९३२ रोजी, लिंडबर्गच्या उड्डाणाच्या पाचव्या वर्षदिनी, न्यूफाउंडलंडमधीलच हार्बर ग्रेस येथून ती एकटी निघाली. वाटेत उंचीमापक बंद पडला, पंखांवर बर्फ साचले, इंजिनाच्या धुराड्याचा सांधा फुटून त्यातून ज्वाळा दिसू लागल्या. पॅरिसला जायचे होते. सुमारे १५ तासांनी ती उत्तर आयर्लंडमधील लंडनडेरीजवळच्या एका कुरणात उतरली. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री होती. १९२८ साली अंगावर घातलेला मान १९३२ साली तिने अंगचा करून घेतला. आरंभ, ताण आणि परिपूर्ती असलेला एक संपूर्ण कथाबंध येथे तयार आहे, आणि तो १९३७च्या पाच वर्षे आधी पूर्ण होतो. तिच्या आयुष्यावरचे नाटक शेवटावरच डोळा ठेवून लिहिले, तर नेमका हाच भाग प्रस्तावनेसारखा उरकला जातो.

या कथाबंधातील दुसरे पात्र म्हणजे जॉर्ज पामर पुटनम. तो प्रकाशक होता. लिंडबर्गचे आत्मकथन त्याच्याच घराण्याच्या संस्थेने काढले होते, आणि ‘फ्रेंडशिप’साठी स्त्री निवडण्यातही त्याचा हात होता. इअरहार्टचे पहिले पुस्तक त्याने काढले, तिची व्याख्याने ठरवली, तिच्या नावाने प्रवासी पेट्या आणि कपडे बाजारात आले. ७ फेब्रुवारी १९३१ रोजी दोघांचे लग्न झाले. त्या दिवशी तिने त्याला दिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एकनिष्ठेच्या मध्ययुगीन कल्पनेने आपण एकमेकांना बांधून घेऊ नये, आणि वर्षभरात सुख लाभले नाही तर त्याने आपल्याला मोकळे करावे, असा त्याचा आशय आहे. १९३१ सालच्या एका वधूचे हे पत्र आजही वर्गात वाचून दाखवले तर वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. पण नाटककाराने त्यातील विसंगतीही पाहायला हवी. मोकळीक मागणारी ही स्त्री आपल्या प्रतिमेचे सर्व व्यवहार त्याच माणसाच्या हाती सोपवून होती. उड्डाणांना पैसा लागत होता, पैसा प्रसिद्धीतून येत होता, आणि प्रसिद्धी टिकवायला पुन्हा नवे उड्डाण लागत होते. हे चक्र तिला कळत नव्हते, असे मानण्यात तिचा अपमान आहे. ती त्यात डोळसपणे शिरली होती. त्यामुळे पुटनमला खलनायक करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निकृष्ट मार्ग ठरेल. प्रेम आणि प्रसिद्धीची यंत्रणा एकाच माणसाच्या रूपाने भेटली, तर स्त्रीने काय करावे, हा येथला खरा पेच आहे.

आता शिल्पाचा प्रश्न. वैमानिकाचे काम रंगमंचावर दाखवणे अवघड असते, कारण कॉकपिटमध्ये बाह्य हालचाल जवळजवळ नसते. माणूस बसलेला, समोर तबकड्या, कानात इंजिनाचा गडगडाट. नाट्य म्हणजे संवाद असे आपण शिकवतो, आणि येथे बोलायला कोणी नाही. १९३७च्या अखेरच्या प्रवासात इअरहार्टबरोबर दिशादर्शक म्हणून फ्रेड नूनन होता, पण दोघांमध्ये इंधनाच्या जादा टाक्या होत्या. बांबूच्या काठीच्या टोकाला चिठ्ठी अडकवून ते ती एकमेकांकडे सरकवत. त्या प्रवासात १५ जूनला ते कराचीला उतरले. कराची शहर सिंधसह अवघ्या वर्षभरापूर्वीपर्यंत मुंबई इलाख्यात होते. तेथून ते कलकत्त्याला, पुढे रंगून, सिंगापूर, डार्विन आणि न्यू गिनीतील ले येथे गेले. ले ते हाउलंड बेट हे अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर, आणि बेट जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांबीचे. बेटापाशी उभ्या असलेल्या ‘इटास्का’ या जहाजाला तिचा आवाज ऐकू येत होता, पण तिला जहाजाचा आवाज नीट मिळत नव्हता. एका बाजूने ऐकू येणारा आणि दुसऱ्या बाजूने न पोहोचणारा हा आवाज गद्य नाटकात तांत्रिक तपशील होऊन पडेल. गाण्यात मात्र त्याला जागा आहे. संगीत नाटकातले पात्र गाते तेव्हा ते एकाच वेळी समोरच्याशी, स्वतःशी आणि प्रेक्षकाशी बोलत असते. पद हा मुळातच असा उच्चार आहे, ज्याला उत्तराची अट नसते. म्हणून आम्हांला वाटते की वैमानिकाच्या एकांताला गद्य नाटकापेक्षा संगीत नाटकच जवळचे आहे.

‘टेक फ्लाइट’च्या कर्त्यांना हे जाणवलेले दिसते. गीतकार रिचर्ड मॉल्टबी धाकटे आणि संगीतकार डेव्हिड शायर ही जोडी १९८३च्या ‘बेबी’पासून परिचित होती. संहिता जॉन वाइडमन यांची. स्टीव्हन सॉन्डहाइम यांच्याबरोबर ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’ आणि ‘असॅसिन्स’ लिहिणारे वाइडमन इतिहासाला सरळ रेषेत मांडत नाहीत. येथेही त्यांनी तीन कथा एकमेकींत विणल्या : १९०३ साली किटी हॉक येथे यंत्र उडवणारे राइट बंधू, १९२७चा लिंडबर्ग आणि इअरहार्ट. भाष्यकार म्हणून १८९६ साली ग्लायडरच्या अपघातात मरण पावलेला ओटो लिलिएंथाल हा जर्मन संशोधक रंगमंचावर येतो. आपल्या सूत्रधाराशी त्याचे नाते लावण्याचा मोह मराठी वाचकाला होईल, आणि तो अगदी अस्थानी नाही. सॅम बंट्रॉक यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनच्या मेनिअर चॉकलेट फॅक्टरी या लहान नाट्यगृहात २००७ साली त्याचे प्रयोग झाले. २०१० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनच्या मकार्टर नाट्यगृहात आले.

तीन कथांच्या या विणीचा लाभ उघड आहे. इअरहार्ट एकटी राहत नाही, उडण्याच्या एका सामूहिक वेडाचा ती भाग होते. परंतु त्यातच एक तोटा दडलेला आहे. राइट बंधूंचा प्रश्न यंत्राचा आहे, लिंडबर्गचा प्रश्न धैर्याचा आहे. इअरहार्टचा प्रश्न श्रेयाचा आहे, आणि श्रेयाचा प्रश्न हा काळाच्या ओघात, लोकांच्या नजरेत, विलंबाने सुटणारा असतो. तीन धाग्यांमध्ये मिळणाऱ्या एक तृतीयांश अवकाशात १९२८ ते १९३२ ही चार वर्षे दाखवणे कठीण होते. पुरुषांच्या दोन विजयांशेजारी स्त्रीची कथा ठेवली, की तुलनेच्या नियमानेच ती पराभवाकडे झुकू लागते. हा दोष कोणा एका लेखकाचा म्हणता येणार नाही, तो योजनेतच आहे.

येथे आपल्या रंगभूमीचा काळपट शेजारी मांडून पाहावा. हार्बर ग्रेसहून इअरहार्ट एकटी उडाली त्या मे १९३२मध्ये मराठी संगीत रंगभूमीवरचा आदर्श स्त्रीस्वर बालगंधर्वांचा, म्हणजे पुरुषाचा होता. १९२९च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा प्रघात धाडसाने चालवला होता. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली, ती घटना आपण नाट्येतिहासातला टप्पा म्हणून शिकवतो. म्हणजे अटलांटिकवर एकटे असणे आणि रंगमंचावर स्वतःच्या गळ्याने उभे राहणे, या दोन गोष्टींसाठी स्त्रिया जवळपास एकाच काळात झगडत होत्या. दोन्हीकडे आक्षेपही सारखेच होते : हे काम स्त्रीच्या शरीराला पेलणारे नाही, आणि पेलले तरी ते शोभणारे नाही.

‘कम फ्रॉम अवे’ने मात्र निराळा मार्ग शोधला. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले तेव्हा अटलांटिकवरून येणारी ३८ विमाने न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे उतरवण्यात आली. सुमारे १०,००० वस्तीच्या त्या गावात साडेसहा हजारांहून अधिक प्रवासी येऊन पडले. १९३८ साली सुरू झालेला हा विमानतळ एके काळी अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांचा इंधनाचा थांबा होता. म्हणूनच तेथे मोठ्या धावपट्ट्या होत्या. त्या ३८ विमानांपैकी पॅरिसहून डॅलसकडे निघालेल्या एका बोइंग ७७७च्या कप्तान होत्या बेव्हर्ली बास. १९८६ साली त्या अमेरिकन एअरलाइन्सच्या पहिल्या स्त्री-कप्तान झाल्या होत्या. इअरहार्टने आपली दोन्ही अटलांटिक उड्डाणे ज्या बेटावरून सुरू केली, त्याच बेटावर सात दशकांनी एक स्त्री-वैमानिक आपले विमान उतरवते, हा योग इतिहासाने जुळवलेला आहे. कोणा नाटककाराने तो कल्पिला असता, तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

नाटकात बास यांच्या वाट्याला एक पद आहे. विमानाचे वेड लागलेली मुलगी, सुरुवातीला प्रेते वाहून नेणाऱ्या विमानावरचे काम, पुरुष वैमानिकांचे टोमणे, हवाई सुंदरींचाही अविश्वास, मग कप्तानपद, लग्न, मुले आणि एकामागोमाग एक उघडत गेलेले आकाश. पद चढत जाते ते आकाशात आपल्याला अडवणारे आता काही नाही, या भावनेपर्यंत. आणि तेथेच ते थबकते. ज्या वस्तूवर तिने आयुष्यभर प्रेम केले, तिचेच त्या सकाळी कोणीतरी शस्त्र केलेले असते. ‘पहिली स्त्री’ या कथेला सरावलेला प्रेक्षक कप्तानपदापाशी टाळ्या वाजवायला हात उचलतो आणि ते हात तसेच राहतात. आमच्या मते या पदाचे यश येथे आहे. ते तिच्या विजयाला शिखर मानत नाही. विजयानंतर तिला काय गमवावे लागले, हे ते विचारते, आणि ती हानी तिच्या स्त्री असण्यातून आलेली नाही. ती वैमानिक असण्यातून आलेली आहे. स्त्रीला तिच्या कामासाठी शोक करू देणे, हा सन्मान आपल्या चरित्रनाटकांत फारसा दिसत नाही.

हे नाटक घडले कसे, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. कल्पना मायकेल रुबिनॉफ या कॅनडातील नाट्यशिक्षकाची. आयरीन सॅन्कॉफ आणि डेव्हिड हाइन हे लेखक-संगीतकार दांपत्य २०११च्या सप्टेंबरात, घटनेच्या दहाव्या वर्षदिनी, गँडरला जाऊन राहिले. गावकरी आणि परत आलेले प्रवासी यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. बासही त्यांत होत्या. पहिला खर्डा २०१२ साली शेरिडन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उभा केला. पुढे वाचने, कार्यशाळा, २०१५ साली कॅलिफोर्नियात ला होया आणि मग सिॲटल, २०१६ साली वॉशिंग्टन, खुद्द गँडरमधील प्रयोग आणि टोरांटो, अशी वाट चालत १२ मार्च २०१७ रोजी ते ब्रॉडवेवर आले. दिग्दर्शक ख्रिस्तोफर अ‍ॅशली यांना टोनी पुरस्कार मिळाला आणि ऑक्टोबर २०२२पर्यंत तेथे त्याचे प्रयोग चालले. बास यांची मूळ भूमिका जेन कोलेला यांनी केली. प्रिन्स्टनच्या ‘टेक फ्लाइट’मध्ये इअरहार्टही त्यांनीच साकारली होती. एकाच अभिनेत्रीच्या गळ्यातून नाहीशी झालेली वैमानिक आणि सुखरूप उतरलेली वैमानिक, दोघीही गेल्या.

प्रयोगाची रीतही मराठी प्रेक्षकाला परकी वाटू नये. बारा नट डझनावारी पात्रे होतात, काही खुर्च्यांची विमाने, बसगाड्या आणि खाणावळ होते, पात्रे थेट प्रेक्षकांशी बोलतात. ‘घाशीराम कोतवाल’मधील माणसांची भिंत १९७२पासून आपल्या परिचयाची आहे. आणि खर्ड्याखर्ड्याने नाटक वाढवण्याची पद्धत आपल्याकडे आयात करायची गरज नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंकच रंगभूमीवर आणले. पूर्ण सात अंकांचा प्रयोग पुढच्या वर्षी झाला. फरक आहे तो पदाच्या कामात. आपले नाट्यपद कथेला थांबवून रागाचा विस्तार करते, आणि त्या थांबण्यातच रसिकाला आनंद असतो. ब्रॉडवेचे गाणे सहसा कथेला पुढे ढकलते, गाणे संपते तेव्हा पात्र बदललेले असते. वैमानिकावरील मराठी संगीत नाटकाला या दोन्हींची गरज पडेल. उड्डाणापूर्वीचा झगडा पुढे सरकणाऱ्या गाण्यांनी मांडावा, आणि हवेतला एकांत ठाय लयीतल्या, थांबून विस्तारणाऱ्या पदाने. काळ थांबवण्याची जी सवय आपल्या रंगभूमीचा दोष मानली गेली, ती येथे गुण ठरेल.

आणि विषयासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. १९३६ साली एकविसाव्या वर्षी, साडी नेसून, सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ एकटीने उडवले, तेव्हा त्या चार वर्षांच्या मुलीच्या आई होत्या. १९३९ साली वैमानिक पतीचे अपघाती निधन झाले, पाठोपाठ युद्ध आले आणि व्यावसायिक परवान्याचे शिक्षण थांबले. त्यांनी लाहोरला चित्रकला शिकली. फाळणीनंतर दिल्लीत नवे आयुष्य उभारले, आणि साड्या व दागिन्यांच्या आकृतिबंधांवर पोट भरले, नावही मिळवले. नोव्हेंबर १९८५मध्ये कलकत्ता ते सिलचर हे इंडियन एअरलाइन्सचे उड्डाण केवळ स्त्रियांच्या चमूने केले. कप्तान होत्या सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन. बेव्हर्ली बास यांच्या नेतृत्वाखालील तशा चमूचे उड्डाण पुढच्या वर्षीच्या डिसेंबरातले आहे. या स्त्रियांच्या चरित्रात रहस्य नाही, महासागर नाही, शोधमोहीम नाही. रोजचे वेळापत्रक आहे, परवाने आहेत, थांबलेली शिक्षणे आणि पुन्हा केलेले आरंभ आहेत.

‘पहिली’ या विशेषणाचा सोस आपल्या चरित्रलेखनाला जुना आहे. आनंदीबाई जोशी यांच्यापासून आपण तो जोपासला. ‘पहिली’ म्हटले की त्या स्त्रीची गोष्ट तिच्या एका दिवसापुरती उरते, आणि त्या दिवसाआधीचे ऋण व नंतरचे आयुष्य, दोन्ही वगळली जातात. इअरहार्टला एक दिवस १९२८ सालचा चिकटला, दुसरा १९३७ सालचा. मधला १९३२ सालचा दिवस तिने स्वतः निवडला होता, आणि नेमका तोच कमी आठवला जातो. एखाद्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाला हा विषय हाती घ्यावासा वाटला, तर आमची सूचना एवढीच : पहिला खर्डा लिहिताना अपघात, विक्रम आणि अखेर बाजूला ठेवाव्यात, आणि ज्या कुरणात ती एकटी उतरली तेथपासून लिहायला सुरुवात करावी. समोर गाई आहेत, इंजिन बंद झाले आहे, कानांत अजून गडगडाट आहे, आणि चार वर्षांपूर्वी घेतलेले कर्ज आत्ताच फिटले आहे. तिचे पहिले पद तेथे आहे.